काळी बाही

आमच्या ग्रेडर साहेबांनी माझी गिटार उन्हात वाळत घातली होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "का?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्याची सुरुवात साहेबांच्या डाव्या हातापासून करावी लागते.

त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या कापडाची एक सुटी बाही असे, दोन्ही टोकांना नाडीनं आवळलेली. कापसाचा धागा काळ्यावर ठेवला की नीट दिसतो. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, हाती उरलेले धागे काळ्यावर निजवायचे आणि लांबी नजरेनं मोजून मालाची प्रत ठरवायची, हे ग्रेडरचं रोजचं काम. बाकीचे ग्रेडर त्यासाठी काळा पुठ्ठा वापरत आणि काम झालं की टेबलाच्या खणात टाकत. साहेबांची बाही मात्र लग्नात, मयतीत, केळझरच्या गणपतीच्या रांगेतसुद्धा हातावरच. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती धुवायला मागितली तर साहेब शेजारी उभे राहून धुवून घेत आणि कडकडीत वाळेपर्यंत दोरीपाशी घुटमळत. "हात उघडा वाटते," एवढंच त्यांचं म्हणणं.

ही सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सिंदीच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर मी शिकाऊ म्हणून लागलो होतो. आमचं घर केळझरचं, वांगी-कोबी-मेथी पिकवून बाजारात नेणारं. घरात महिन्याच्या पगाराचा माणूस मीच पहिला. साहेबांनी पहिल्या दिवशी मला "शिकाऊ" अशी हाक मारली. पुढे मी कायम झालो, माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी हाक तीच राहिली. त्यांच्याच घराच्या गच्चीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. म्हणजे दिवसभर त्यांच्या हाताखाली आणि उरलेला वेळ त्यांच्या डोक्यावर.

साहेब साऱ्या जगाची प्रत लावत. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणत, "धागा लांब होता, पन कचरा लय." नव्या पोस्टमनला त्यांनी "दुसरी प्रत" ठरवलं, कारण तो पत्र देताना पत्त्याकडे न पाहता माणसाकडे पाही. काकूंच्या पुरणपोळीला इतक्या वर्षांच्या संसारात "पहिली प्रत" एकदाच मिळाली होती, आणि नेमकं त्या दिवशी पुरण शेजारणीनं वाटलं होतं. हे काकू पदर तोंडाला लावून सांगत, साहेबांच्या देखत.

एकदा लावलेली प्रत मात्र बदलायची नाही. शेतकरी रडला, भांडला, पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आला, तरी नाही. "पाह्यलं ते पाह्यलं," म्हणायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. "माझी चूक झाली" हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. काकूंनीही नाही. मी मुद्दाम विचारलं होतं.

त्यांचा दुसरा नियम हाताचा. गाडीच्या तोंडाशी शेतकरी नेहमी चांगला कापूस लावतो, पांढराशुभ्र, वेचून वेचून. साहेब तिकडे बघतसुद्धा नसत. अंगानं काटकुळे, पण हात लांब. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे, डोळे मिटायचे आणि आतला मूठभर कापूस ओढून काढायचे. "वरचा कापूस शेतकरी दाखवते. आतला आपुन पाहाचा, शिकाऊ." पुतणीसाठी मुलगा पाहायला गेले तेव्हा बैठकीत न बसता थेट मागच्या अंगणात गेले, मोरी पाहिली, सासूची भांडी घासायची जागा पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाले, "पोरगी द्या." मुलाचं तोंड त्यांनी लग्नातच पाहिलं. त्या पुतणीचं चांगलं चाललं आहे, हेही सांगायला हवं.

आणि त्यांचा जन्माचा वैरी म्हणजे ओल. कापूस ओला असला की वजन भरतो, म्हणून काही शेतकरी त्यावर पाणी मारत. साहेब कापसातली सरकी काढून दाताखाली धरत. कट्ट वाजली तर कोरडा माल, नुसती दबली तर ओला. ओला निघाला की गाडी परत. त्यात हिंगणीचा आबाजी नावाचा एक शेतकरी होता, त्याच्यावर तर साहेबांचा खास डोळा. आबाजीच्या कापसावर पाण्याचा डाग कधी दिसत नसे, कवडी म्हणजे पिवळं पडलेलं बोंडही निघत नसे, पण सरकी काही वाजत नसे. एकदाच तो मुद्देमालासकट सापडला: गाडीच्या मधोमध ओल्या फडक्याचा बोळा. त्या दिवसापासून आमच्या केंद्रावर "ओलं फडकं" ही शिवी झाली. कोणी कामचुकारपणा केला तर हमालसुद्धा एकमेकांना म्हणत, "ओलं फडकं हाय लेकाचं."

आता गिटारीकडे येतो.

वर्ध्याजवळ कुष्ठरोग्यांचा एक दवाखाना होता. तिथे एक अमेरिकन नर्सबाई होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांची मराठी पेशंटांकडून शिकलेली, त्यामुळे पुस्तकी मराठी एक अक्षर नाही, अस्सल आमच्याकडची. कॉलेजात असताना मी सायकलवर भाजी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जायचो. रविवारी त्या व्हरांड्यात पेशंटांसमोर गिटार वाजवत. मी भाजीची टोपली तशीच ठेवून ऐकत बसायचो. एका रविवारी त्यांनी माझी बोटं धरून तारांवर ठेवली. पुढची तीन वर्षं माझा एकही रविवार चुकला नाही.

मग मी नोकरीला लागल्यावर त्या कायमच्या अमेरिकेला परत जायला निघाल्या. मला म्हणाल्या, "दोन गिटारी हायेत माझ्याजवळ. दोन्ही तिकडच्याच. एक तू ठेव. कोनती ते तूच ठरव. उरली ते मी नेईन." किंमत म्हणून त्यांनी जे सांगितलं ते इतकं कमी होतं की मी ते घरी सांगताच साहेबांचे कान उभे राहिले.

"माल घ्याले एकटा जाऊ नोको," ते म्हणाले. "मी येतो."

"साहेब, तुम्हाला गिटारीतलं काय कळतं?"

"तुले कापसातलं काय कळत होतं? शिकलाच ना?"

मार्च महिना होता. सिस्टरच्या खोलीत पलंगावर दोन गिटारी ठेवलेल्या. एक मधाच्या रंगाची, लखलखीत, भोकाभोवती शिंपल्याची नक्षी. तिच्यावर माझं मन केव्हाच बसलं होतं. दुसरी काळपट. तारांखालची चकाकी घासून घासून नुसतं लाकूड उघडं पडलेलं. मी त्या लखलखीत गिटारीकडे हात नेला तेवढ्यात साहेब म्हणाले, "तारा सैल कर. दोन्हीच्या."

मी सैल केल्या. साहेबांनी बाहीची नाडी आवळली आणि तारा बाजूला सारून मधाच्या रंगाच्या गिटारीत हात घातला. बोटं, मनगट, मग बाहीसकट अर्धा हात. डोळे मिटलेले. सिस्टर तोंडावर हात ठेवून पाहत राहिल्या.

"आत एक पट्टी सुटली हाये," साहेब म्हणाले. "वाजवाले गेलं का भनभन करत असंन."

ती भणभणत असे, खरंच. मी इतके दिवस तो माझ्या बोटांचा दोष समजत होतो. सिस्टरनी मान डोलावली.

मग साहेबांनी जुन्या गिटारीत हात घातला. बराच वेळ काढला. "हा माल फाटला होता," ते म्हणाले. "आतून कापड लावून जोडला हाये कोनीतरी. घाई नाई केली त्यानं. कापडाच्या कडा मुडपल्या बी हायेत."

"म्हणजे नको?" मी आशेनं विचारलं.

"हाच घे. जो जोडते तो माल टाकत नाई." मग गिटारीच्या काठाकडे वाकून सिस्टरना विचारलं, "दात लावून पाहू काय?"

"नको!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

मी मनाविरुद्ध जुनी गिटार उचलली. सिस्टर म्हणाल्या, "ते माझ्या बाबाची हाय. बाबा आता नाई." मी ती परत ठेवायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "आधी सांगितलं असतं तर तू भिडेनं दुसरी घेतली असती. घरी आता वाजवनारं कोनी नाई. बाबा म्हने, पेटीतली गिटार मरते." दोन महिने त्या दक्षिणेतल्या एका दवाखान्यात काम करणार होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला जाताना वाटेत उतरणार होत्या. "तवा एकदा वाजवीन. मग जाईन."

निघताना त्यांनी मला भोकं पाडलेली एक लहानशी साबणाची डबी दिली. आत फडकं. "उन्हाळ्यात लाकडाले तहान लागते. हे ओलं करून तारांमधून आत सोडजो. रोज." साहेब तेव्हा बाहेर पेशंटांशी बोलत होते. मी डबी खिशात टाकली आणि साहेबांना काही बोललो नाही. ज्या माणसानं ओल्या फडक्यापायी आबाजीला भर केंद्रात उभं केलं होतं, त्याला मी काय सांगणार होतो? माझी चूक ती. साहेबांची चूक सांगण्याआधी हे लिहून ठेवलेलं बरं.

मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नासाठी मी तीन दिवस केळझरला गेलो. खोलीची किल्ली साहेबांकडे. परत आलो तो भर दुपारी. जिना चढून गच्चीवर पाऊल टाकलं. काकूंच्या कुरड्या वाळत होत्या, पापड वाळत होते आणि मधोमध बाजेवर माझी गिटार पोट वर करून पडली होती. शेजारी साहेब, डोक्याला पंचा गुंडाळून, कावळे हाकत.

"ये शिकाऊ!" ते खुशीत म्हणाले. "फसवलं त्या बाईनं तुले. मी सहज पेटी उघडली. गालाले लावून पाह्यली तर गार. हलवली तर आत खडखड. पोटात ओलं फडकं घालून देल्लं होतं! काढून फेकलं. दोन दिवस कडक ऊन देऊन राह्यलो. आता टिचकी मारून पाह्य. खनखन करते."

टिचकी मारायची गरज नव्हती. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून खालच्या काठापर्यंत, वीतभर, लाकूड उभं तडकलं होतं. नख जाईल एवढी फट. मी बाजेच्या कडेवर बसलो आणि मला रडू आलं. तेवीस वर्षांचा नोकरदार माणूस, पण आलं. आणि रडता रडता मी साबणाच्या डबीचं सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी फटीवरून बोट फिरवलं. एकदा. मग पुन्हा. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही रागावाल म्हणून."

साहेबांनी गिटार उचलून सावलीत नेली, मला म्हणाले, "तारा सैल कर," आणि खाली गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकू वर येऊन मला विचारायला लागल्या, "यायले झालं तरी काय? बाही खुंटीले टांगून बसले हायेत." मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "बाप्पा! आता त्या बाईले तोंड कसं दाखवाचं?"

तोच प्रश्न होता. बाई येणार, बापाची गिटार मागणार, एकदा वाजवून निरोप घेणार. हातात वीस-बावीस दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "चाल, हिंगणीले." डावा हात उघडा होता. इतका गोरा हात मी पहिल्यांदा पाहिला.

हिंगणीत आबाजी आंब्याखाली दोर वळत बसला होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातला दोर तसाच राहिला. हंगाम संपलेला, तरी ग्रेडर दारात म्हणजे धाडच की.

"आबाजी," साहेब उभ्या उभ्याच म्हणाले, "कापसाले पानी कसं देता तुमी?"

"मायची आन, साहेब! म्या कदी नाई देल्लं. ते फडकं पोरायनं टाकलं होतं."

"मी पकडाले नाई आलो. शिकाले आलो."

"शिकाले?" आबाजी माझ्याकडे पाहायला लागला. "बाबू, साहेबाची तब्येत बरी हाये ना?"

साहेबांनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबले. त्यांचा उजवा हात उघड्या डाव्या हातावरून फिरत होता. शेवटी म्हणाले, "आबाजी, मी चुकलो. दुसऱ्याची एक चीज होती. ओली समजून म्या वाळवली. फाटली. आता तिले पुन्हा ओल द्याची हाये, पन डाग पडता कामा नये. डाग न पाडता ओल देनारा तालुक्यात तुमीच एक. माझ्या दातानं सांगतो."

आबाजीनं दोर खाली ठेवला. इतकी वर्षं ज्या माणसानं त्याच्या गाड्या परत पाठवल्या, तो त्याच्या अंगणात उभा राहून त्याच्या हातचलाखीला पहिली प्रत देत होता. आबाजीनं आत तोंड करून सांगितलं, "चहा ठेवजो वं. साखर जास्त टाकजो." आणि मग आमच्याजवळ सरकून, आवाज खाली आणून म्हणाला, "पानी देतच नाई म्या, साहेब. पानी देल्लं का डाग पडते, मंग तुमी हायेच. पान्याची हवा द्या लागते."

आणि त्यानं सगळं सांगितलं. लहान खोली घ्यायची. जमीन सारवून ओली ठेवायची. खिडकीला गोणपाट, त्यावर पाण्याचा हबका. कोपऱ्यात नवी मडकी, भरलेली, झिरपणारी. मधे बाज आणि बाजेवर माल. मालाला थेंब लागता कामा नये. "आनि घाई नाई कराची. घाई केली का माल कुजते. त्याले वाटलं पाह्यजे का आपुनच पेलो."

निघताना तो हसत म्हणाला, "इतक्या सालात कदी इचारलं नाई साहेब. नुसती गाडी वापस करत होते."

काकूंची धान्याची खोली रिकामी झाली. कुंभाराकडून चार मडकी आली. गोणपाटं केंद्रातली. गिटार बाजेवर, अंगावर एक कोरडी चादर, पोटात साबणाची डबी. फडकं साहेब स्वतः पिळत, एक थेंब गळणार नाही असं. जन्मभर ओलीचा पाठलाग केलेला माणूस आता सकाळ-संध्याकाळ खिडकीवर पाणी मारत होता. काकू म्हणायच्या, "माह्या पापडाले बुरशी येऊन राह्यली, पन गिटार जगली पाह्यजे."

फट किती मिटली हे पाहायची रीतही साहेबांचीच. पहिल्या दिवशी त्यांनी गोधडी शिवायचा दोरा फटीत घातला. आरपार गेला. पाचव्या दिवशी तो अडकला, पण साधा शिवणाचा दोरा गेला. मग आमच्या भागात कोणाकडेही मिळणारं चरख्याचं बारीक सूत आणलं. दहाव्या दिवशी तेही टोकाशीच थांबलं. त्या दिवशी आबाजी आला. "लेकीकडे जाऊन राह्यलो होतो, म्हनलं पाहावं," असं म्हणाला. लेकीचं गाव उलट्या दिशेला. तो आणि साहेब, दोघांनी बाजेच्या दोन बाजूंनी वाकून गिटारीला गाल लावले. "अजून तहानली हाये," आबाजी म्हणाला. "हो," साहेब म्हणाले. मी दारात उभा होतो आणि माझा साहेबांवरचा राग तिथंच संपला.

पंधराव्या दिवशी साहेबांनी लांब धाग्याच्या कापसाचा एकच तंतू घेतला, चिमटीत ताठ धरला आणि फटीवर टेकवला. तो आत गेला नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मला करायला लावलं. माझाही गेला नाही. मी इतका मोकळा श्वास परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही घेतला नव्हता.

सुताराकडून सरस आणून तापवला. आतून लावायला कापड हवं होतं. काकूंनी धोतराचा तुकडा काढून दिला. साहेबांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत केला. "नवं हाये. आकसंन." मग उठून खुंटीवरची बाही काढली, काकूंच्या कात्रीनं खालची अर्धी कापली आणि तिच्या पट्टीच्या कडा मुडपल्या. "हे हजार वेळा धुतलं हाये. आता याले आकसाचं उरलं नाई." हात गिटारीत घातला, डोळे मिटले आणि आतून पट्टी चिकटवली. दोन दिवस कोणाला खोलीत जाऊ दिलं नाही.

इथे एक पुढचं सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. दिवाळीनंतर नव्या हंगामात आबाजीची गाडी आली. सगळं केंद्र कामं टाकून बघायला लागलं. साहेबांनी हात खुपसला, सरकी दाताखाली धरली. वाजली नाही. आबाजी हळूच म्हणाला, "साहेब, पानी नाई, नुसती हवा देल्ली." साहेब म्हणाले, "वाळवून आनजो." गाडी वळली. ती फाटकापाशी पोचल्यावर साहेब मागून ओरडले, "आबाजी! डाग मात्र एकबी नाई!" आबाजीनं गाडीवरूनच हात जोडले. पुढे वर्षभर तो ही गोष्ट हिंगणीत सांगत होता, गाडी परत आल्याचं वगळून. साहेबांनी नवी बाही शिवली नाही. निवृत्त होईपर्यंत उरलेली अर्धीच बांधत, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ते गेले तेव्हा काकूंनी ती त्यांच्या हातावर बांधूनच पाठवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सिस्टर आल्या. वर्ध्याहून पॅसेंजरनं सिंदीला, परतीच्या गाडीला दोन तास. गच्चीवरच्या माझ्या खोलीत खुर्चीवर बसल्या. मी मनाशी ठरवलं होतं की विचारलंच तर सांगायचं, माझ्या हातून झालं. साहेब दारात उभे, पाठीमागे हात बांधून.

सिस्टरनी तारा लावल्या आणि वाजवायला सुरुवात केली. आवाज जसा होता तसाच होता. जाड तारेचा तो खोल, पोटातून येणारा आवाज. मी साहेबांकडे पाहिलं. ते सिस्टरच्या बोटांकडे नाही, फटीच्या जागेकडे पाहत होते. सिस्टर डोळे मिटून बराच वेळ वाजवत राहिल्या. मग थांबल्या, गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा सैल करून बाजूला सारल्या आणि आत हात घातला. त्यांना बापानं लावलेलं कापड निरोपाआधी एकदा हाताला हवं होतं. मला हे सुचलंच नव्हतं.

बोटं आत फिरली आणि थांबली. "हे इकडचं बाबाचं," त्या म्हणाल्या. "अन् हे दुसरं कोनाचं?"

मी तोंड उघडलं. पण साहेब आधीच खोलीत आले होते.

"माझं," ते म्हणाले. "बाई, मी चुकलो. तुमी पोटात फडकं देल्लं ते म्या ओल समजलो. दोन दिवस उन्हात घातली. फाटली. शिकाऊची चूक नाई. प्रत म्याच चुकीची लावली." आणि मग गच्ची, कावळे, आबाजी, मडकी, दोरे, सगळं एका दमात सांगितलं. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभे राहिले, गाडी परत पाठवली जायची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे.

सिस्टरचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाबानं काय केलं होतं माहीत हाय?" त्या म्हणाल्या. "एकदा पाऊस लागला गिटारीले. त्यानं नेऊन चुलीपाशी ठेवली वाळाले. टर्रकन फाटली. माय आठ दिवस बोलली नाई त्याच्याशी. मंग त्यानं आपला सदरा फाडून आतून लावला." त्यांनी पुन्हा आत हात घातला, एकदा इकडे, एकदा तिकडे. "आता बरं झालं. दोघं सोबत राहतीन."

साहेबांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. गाडी सुटली, सिस्टरचा हात दिसेनासा झाला आणि साहेब फलाटावरच्या बाकावर बसले. दोन्ही पाय लांब केले. असे पाय पसरून बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"सुटलो बाप्पा," ते म्हणाले.

घरी चालत येताना ते कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळ थांबले आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "शिकाऊ, आज माझी प्रत कोनती?"

"पहिली, साहेब," मी म्हणालो.

"आत हात घालून पाह्यलं काय?"

"पाह्यलं," मी म्हणालो.